सोमवारी शून्य मुलं

लॉर्ना स्पार्गो काउन्सिलच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, काचेच्या दारातून आत येताना दिसली की आमच्या काउंटरवरच्या दोघी जणी झेरॉक्सच्या खोलीत पळायच्या. माझा गुडघा दुखरा, मला पळता यायचं नाही. म्हणून एकोणीस वर्षं लॉर्ना माझ्याच वाट्याला आली.

"फ्रॅन, लिही," पिशवी काउंटरवर आपटून ती म्हणायची. कशी आहेस, बरी आहेस का, काही नाही. क्विन्स रोडचे पट्टे पुसट झालेत, लिही. बसथांब्यामागचं झुडूप वाढलंय, वळणावरची गाडी दिसत नाही, लिही. चंदेरी गाडीतली एक बाई रोज शाळेच्या फाटकासमोर गाडी आडवी घालते आणि फोनवर बोलत बसते, हा घे नंबर. नंबर तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर पेनने लिहिलेला असायचा. एकदा पावसाने त्यातला शेवटचा आकडा पुसला, तर तेवढ्या एका आकड्यासाठी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

"स्वतःच्या लग्नातसुद्धा नंबर लिहून घेत होतीस का गं?" मी एकदा विचारलं.

"हो," ती म्हणाली. "क्लाइव्हने गाडी चर्चच्या दारात लावली होती. तिथे मनाई आहे."

क्विन्स रोड प्राथमिक शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं, हे लॉर्नाचं काम. सकाळी एक तास, दुपारी एक तास. अंगात पांढरा कोट, डोक्यावर रुंद कडांची टोपी, गळ्यात शिट्टी, हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी बसवलेला दांडा. त्या दांड्यापायी हे काम करणाऱ्यांना आमच्याकडे लॉलीपॉप म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना भोकं पाडलेली असतात, त्यात लाल झेंडे रोवायचे, मग मधोमध जाऊन उभं राहायचं. झेंडे लागलेले असले आणि दांडा वर असला की गाडीवाल्याला थांबावंच लागतं, मग तो कितीही मोठा साहेब असो.

ती या कामात पडली ती दोन आठवड्यांसाठी. तिचा धाकटा पहिलीच्या आधीच्या वर्गात होता, आणि आधीच्या म्हाताऱ्याला हर्निया झाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोनच आठवडे सांभाळ. म्हातारा परत आला नाही आणि लॉर्ना सव्वीस वर्षं तिथून हलली नाही. तिचा धाकटा आता पर्थला खाणीत असतो. नवरा क्लाइव्ह लिफ्ट दुरुस्त करायचा, तो नऊ वर्षांपूर्वी गेला. अंत्यविधी बुधवारी होता. सोमवारी आणि मंगळवारी लॉर्ना कामावर होती, गुरुवारी परत होती. बुधवारचा बदली माणूस उशिरा आला, अशी तक्रार तिने शुक्रवारी माझ्याकडे नोंदवली.

मुलांशी ती गोड बोलायची असं मुळीच नाही. गोळ्या नाहीत, लाड नाहीत. "बूट बांध. थांब. उजवीकडे बघ. ते उजवं नाही." पण चारशे मुलांपैकी कोणाला चष्मा लागलाय, कोणाच्या घरी भांडण चाललंय, कोण आज उपाशी आलंय, हे तिला वर्गशिक्षिकेच्या आधी कळायचं. आयाबापांचा मात्र तिला मनस्वी तिटकारा होता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. रणगाड्याएवढ्या गाड्यांतून एकेक पोर घेऊन येणारे हे लोक. घर शाळेपासून पाचशे पावलांवर. दुसऱ्याचं पोर चिरडलं तरी चालेल, पण आपल्याला फाटकासमोरच जागा हवी.

तर नोव्हेंबरच्या शेवटी लॉर्ना आली ती हसत आली. हे मी प्रथमच बघत होते.

"फ्रॅन, हे वाच आणि तूही हस," तिने पत्र पुढे केलं.

पत्र आमचंच होतं. क्विन्स रोडच्या जागेची मोजणी झाली, ओलांडणाऱ्या मुलांची संख्या ठरवलेल्या किमान संख्येपेक्षा कमी आढळली, त्यामुळे नवीन शालेय वर्षापासून तिथे माणूस नेमता येणार नाही, आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभारी आहोत. खाली मोजणाऱ्या कंपनीचा क्वीन्सलँडचा पत्ता आणि मोजणीचा तक्ता. सकाळी आठ ते नऊ, मुलं शून्य. दुपारी तीन ते चार, मुलं शून्य.

"तारीख बघ," लॉर्ना म्हणाली.

मी बघितली, आणि मलाही हसू आलं. सहा नोव्हेंबर, सोमवार. दुसऱ्या दिवशीच्या मंगळवारी घोड्यांची मोठी शर्यत. त्या मंगळवारी सगळ्या शहराला सुट्टी, आणि आदल्या सोमवारी शाळा मुलांना बोलवतच नाहीत. शिक्षक येतात, चहा पितात, सभा घेतात. चार दिवस जोडून सुट्टी मिळते म्हणून अर्धं गाव समुद्रावर गेलेलं असतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"भर सुट्टीत येऊन मुलं मोजली गाढवांनी," लॉर्ना म्हणाली. "असो. चूक आहे, दुरुस्त करतील. दहा मिनिटांचं काम. लिही."

मी लिहिलं. मलाही तसंच वाटलं होतं, हे आज सांगताना लाज वाटते. एकोणीस वर्षं त्या इमारतीत बसूनही मला वाटलं, चूक दाखवली की दुरुस्त होते.

दोन दिवसांनी वाहतूक अभियंता डेमियन लॉक्सली माझ्या टेबलाशी आला. हा तरुण माणूस चांगल्यातला समजला जातो. सायकलवरून येतो, कॉफी स्वतःच्या बांबूच्या कपातून पितो, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो.

"फ्रॅन, ही स्पार्गोबाईंची तक्रार. पुढच्या सभेत लेखी प्रश्न टाकलाय त्यांनी. तू उत्तर लिहून देशील? तुझं लिहिणं कसं मऊ असतं."

"उत्तर काय लिहायचं? त्या सोमवारी शाळा बंद होत्या."

"ऑफिस चालू होतं ना?"

"ऑफिसात मुलं रस्ता ओलांडत नाहीत, डेमियन."

तो छान हसला. "अगं, मोजणीवाली कंपनी क्वीन्सलँडची, दुसऱ्या राज्यातली. तिकडे त्या सोमवारी शाळा भरतात. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?"

"मग पुन्हा मोजा."

त्याने आजूबाजूला बघितलं, माझ्या कॉम्प्युटरवर त्याचा तक्ता उघडला आणि आवाज खाली आणला. तक्त्यात बारा ओळी होत्या. बारा शाळा, बारा रस्ते. सगळ्यांपुढे तीच तारीख आणि शून्य.

"एक उघडली की बारा उघडाव्या लागतील," तो म्हणाला. "आणि बाराही जागा पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून काढून झाल्यात. वरून सही झालीय. पुढची मोजणी तीन वर्षांनी आहेच की."

"तीन वर्षं मुलांनी काय करायचं?"

"उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं," तो म्हणाला, आणि कप घेऊन गेला. तक्ता त्याने माझ्याकडेच ठेवला. मी कोणाला दाखवणार नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं.

मी उत्तर लिहिलं. 'मोजणी मान्यताप्राप्त संस्थेमार्फत नेहमीच्या कामकाजाच्या दिवशी करण्यात आली असून तीत कोणताही तांत्रिक दोष आढळलेला नाही.' यात एक शब्द खोटा नाही. मला याचीच सगळ्यात जास्त शिसारी येते. सरळ खोटं लिहिलं असतं तर निदान हात थरथरला असता. हे वाक्य मी सँडविच खाता खाता लिहिलं.

डिसेंबरची सभा मंगळवारी संध्याकाळी सातला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा असतो. इतिवृत्त लिहिणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून ते काम वर्षभर माझ्या गळ्यात पडलं होतं. महापौरबाईंच्या डाव्या हाताला माझं छोटं टेबल. नगरसेवक आतल्या खोलीतून सॉसेज रोल खाऊन, ओठ पुसत बाहेर आले. त्यात लॉर्नाच्या प्रभागाचे गार्थ पिकर्सगिल होते. मतदानाच्या दिवशी हेच गृहस्थ क्विन्स रोड शाळेच्या अंगणात पावात सॉसेज घालून लोकांना वाटत होते आणि लॉर्नाला 'आपल्या रस्त्याची राणी' म्हणत होते. आज त्यांनी तिच्याकडे बघून लांबूनच हात हलवला आणि कागदात नाक खुपसलं.

शाळेच्या पालकांच्या फेसबुकच्या पानावर त्या आठवड्यात दोनशेच्या वर संतापलेल्या ओळी पडल्या होत्या. सभेला पालक किती आले? चार. त्यातले दोघं अर्ध्यात गेले, पोरांचा पोहण्याचा वर्ग होता. बाकी सभागृह भरलेलं होतं ते कुत्र्यांसाठी. मोठ्या मैदानावर कुत्री मोकळी सोडायची की साखळीत ठेवायची, यावर त्या रात्री एक तास दहा मिनिटं चर्चा झाली. एक बाई रडली. मी कुत्र्यांच्या विरुद्ध नाही, पण त्या सभागृहात बसून मला माझ्या गावाचा उबग आला.

लॉर्नाचा प्रश्न त्याच्या आधी होता. नियम असा की प्रश्न लेखी द्यायचा, पन्नास शब्दांत, त्या दिवशी दुपारी बाराच्या आत. महापौरबाई प्रश्न वाचतात, उत्तर वाचतात, की संपलं. महापौरबाईंनी माझं वाक्य वाचलं. मोठ्याने वाचल्यावर ते आणखीच मऊ वाटलं.

लॉर्ना उठून उभी राहिली. ती चर्चला घालते तो निळा कोट घालून आली होती.

"कामकाजाचा दिवस कोणाचा? तुमचा की मुलांचा?"

"मिसेस स्पार्गो, पूरक प्रश्नाची तरतूद नाही."

"सोमवारी शाळा बंद होती. एवढंच मान्य करा, मी बसते."

"उत्तर दिलेलं आहे. कृपया बसून घ्या."

"बरं. मग तुम्हाला नाही विचारत," लॉर्ना म्हणाली, आणि तिने तोंड माझ्याकडे वळवलं. "फ्रॅन, त्या सोमवारी तुझी नात कुठे होती गं?"

माझी नात टिली क्विन्स रोड शाळेत दुसरीत होती. तिची आई नर्स, त्या दिवशी तिची ड्युटी. शाळा बंद म्हणून टिलीला मी ऑफिसात आणलं होतं. दिवसभर ती माझ्या काउंटरखाली बसून चित्रं काढत होती, आणि तिने 'प्राप्त' असा रबरी शिक्का दोन्ही पोटऱ्यांवर मारून घेतला होता. लॉर्नालाही त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून ती झुडपाची तक्रार घेऊन आली होती. काउंटरवरून वाकून ती टिलीला म्हणाली होती, "तू प्राप्त झालीस का? बरं झालं."

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. डेमियन छताकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. 'इथे होती, माझ्या काउंटरखाली, शाळा बंद होती म्हणून.' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"इतिवृत्त लिहिणाऱ्यांना प्रश्न विचारता येत नाही," महापौरबाई म्हणाल्या.

त्या वाक्याने मला वाचवलं, आणि मी वाचवून घेतलं. हाताची घडी, तोंडावर बोट. मी मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत राहिले. लॉर्नाने पिशवी उचलली आणि ती बाहेर गेली. पुढचा विषय कुत्रे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतिवृत्त टाइप करायला बसले. नेहमीच्या पद्धतीने लिहायचं तर 'प्रश्नाचे उत्तर देण्यात आले' एवढंच लिहायचं. मी लिहिलं: 'मिसेस स्पार्गो यांनी इतिवृत्तलेखिकेस विचारले की सोमवार, सहा नोव्हेंबर रोजी तिची नात कोठे होती. लेखिकेची नात त्या दिवशी काउन्सिलच्या काउंटरखाली होती, कारण क्विन्स रोड प्राथमिक शाळा बंद होती.'

याला कोणी धैर्य म्हणू नये. इतिवृत्त माझ्यानंतर तिघांच्या हाताखालून जातं. कोणीतरी ते खोडेल अशी माझी खात्री होती. खोडलं असतं तर मी सुटले असते. मनाशी म्हणता आलं असतं की मी माझं केलं. पण ती नाताळची धांदल होती. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू देण्याचा खेळ चालू होता आणि तिघांनी न वाचता सह्या केल्या. मीही मग कोणाला काही सांगितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी शाळा उघडल्या. क्विन्स रोडवरच्या झेंड्यांच्या भोकांत रबरी बुचं बसवलेली होती. लॉर्ना मात्र पहिल्या सकाळी तिथेच होती, स्वतःच्या घरच्या स्वेटरमध्ये, रिकाम्या हातांनी. गाड्या थांबवायचा तिला आता अधिकार नव्हता. मुलांना काठावर गोळा करायची, वाट बघायची, दोन गाड्यांत फट सापडली की "चला" म्हणून पळवायची. कधी कधी दहा दहा मिनिटं फट सापडायची नाही. टिली घरी येऊन सांगायची की मिसेस स्पार्गो आता ओरडत नाहीत, नुसत्या बघत असतात.

तिसऱ्या आठवड्यात कोणा पालकाने तक्रार केली की एक अनधिकृत स्त्री शाळेसमोर गर्दी जमवते आणि वाहतुकीला अडथळा होतो. तक्रारीवर नाव नव्हतं. चंदेरी गाडीतली बाई असेल अशी माझी खात्री आहे, पण पुरावा नाही. आमच्याकडून लॉर्नाला ताकीद गेली. ताकीदपत्राचा प्रिंट मी काढला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात एका टेम्पोच्या आरशात चौथीतल्या एका मुलीचं दप्तर अडकलं. टेम्पोने तिला पाच-सहा पावलं फरपटत नेलं. लॉर्नाने दप्तराचा पट्टा ओढून तोडला म्हणून मुलगी सुटली. हनुवटीला टाके पडले, एक दात गेला. फेसबुकच्या पानावर रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. पिकर्सगिल यांनी लिहिलं की त्यांचं मन त्या कुटुंबापाशी आहे. त्यांचं मन फुकट फिरतं, पाय मात्र शाळेकडे वळले नाहीत.

मी तेव्हाही बोलले नाही. तक्ता माझ्या कॉम्प्युटरात होता, बारा ओळींचा. मी टिलीला शाळेच्या दाराशी सोडायला रोज स्वतः जाऊ लागले, एवढंच केलं. आपल्या पोराची सोय झाली की आपलं काम झालं. म्हणजे त्या रणगाड्यांतल्या आयाबापांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

फेब्रुवारीची सभा चौथ्या मंगळवारी झाली. जानेवारीत सभा नसते, म्हणून पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील, म्हणजे डिसेंबरच्या, सभेचे इतिवृत्त कायम करणे.

"सूचक?"

"मी," पिकर्सगिल म्हणाले. ते फोनमध्ये बघत होते.

"अनुमोदक? विरोध कोणाचा? नाही. एकमताने मंजूर."

नऊ हात वर गेले आणि खाली आले. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. नऊ शहाण्यांनी एकमताने मान्य केलं की त्या सोमवारी शाळा बंद होती, आणि एकालाही पत्ता नाही. मला हसू आलं नाही. माझ्या गावाचा कारभार असा चालतो हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्या दिवशी तोंडात कडू चव आली ती घरी जाऊन दात घासले तरी गेली नाही.

कायम झालेली इतिवृत्तं आमच्याकडे वाचनालयात ठेवतात. ती सगळ्या गावात एकच व्यक्ती वाचते. शुक्रवारी सकाळी लॉर्ना काउंटरवर हजर झाली. झेरॉक्सच्या खोलीकडे दोघी पळाल्या. तिने छापील पान माझ्यापुढे ठेवलं, पट्टी धरून लाल शाईने अधोरेखित केलेलं, आणि सोबत तिच्या हस्ताक्षरातलं पत्र. काउन्सिलने एकमताने मान्य केलं आहे की त्या दिवशी शाळा बंद होती, तरी शून्य मुलांची मोजणी रद्द करून शाळेच्या दिवशी पुन्हा मोजावं, ही विनंती.

"शिक्का मार," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

वरच्या मजल्यावर धावपळ झाली. कायम झालेलं इतिवृत्त बदलायचं तर भरसभेत ठराव मांडावा लागतो, म्हणजे शाळा बंद होती ही गोष्ट मोठ्याने बोलावी लागते. ते कोणाला नको होतं. मला मॅनेजरने बोलावून विचारलं, हे वाक्य कसं आलं? मी म्हटलं, तुमची सही आहे खाली. मार्चमधल्या एका गुरुवारी गुपचूप मोजणी झाली. सकाळच्या तासात चौऱ्याण्णव मुलं. ईस्टरनंतरच्या सत्रापासून क्विन्स रोडला माणूस परत नेमायचा हुकूम निघाला. मोजणीचं पत्र स्थानिक वर्तमानपत्राला पिकर्सगिल यांनी स्वतः पोचवलं. दांडा हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, त्यासाठी दोन्हीकडच्या गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. बातमीत लॉर्नाचं नाव स्पार्गोऐवजी काहीतरी भलतंच छापलं होतं.

सत्राच्या आदल्या दिवशी लॉर्ना तिचं सामान न्यायला आली. आज काउंटरवरून कोणी पळालं नाही. उलट त्या दोघी केक घेऊन पुढे झाल्या आणि 'आमची लॉर्ना, आमची लॉर्ना' करू लागल्या. लॉर्नाने केककडे बघून सांगितलं की तिला साखर चालत नाही. त्या गेल्या.

मी कोट, टोपी, शिट्टी, दांडा एकेक काढून ठेवलं. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. तिने एक शब्द तरी बोलावा. आभाराचाच, असं नाही. पण आभाराचा असता तर बरं.

तिने कोटाची बटणं मोजली. "चांगलं लिहिलंस," ती म्हणाली.

"अगं, मी काय, नुसतं—"

"भरसभेत मूग गिळून बसलीस आणि कागदावर शूर झालीस." तिच्या आवाजात राग नव्हता. झुडूप वाढलंय, असं सांगावं तशी ती बोलली.

"नोकरीचा प्रश्न होता, लॉर्ना."

"माझीही नोकरीच होती."

तिने शिट्टी गळ्यात घातली. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"मला एक सांग. ती कंपनी क्वीन्सलँडहून आली. एवढ्या लांबून एका क्विन्स रोडसाठी आली होती का?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. ती पुढे विचारत बसली नसती.

"बारा ठिकाणं होती," मी म्हटलं. "तुझं धरून."

"सगळी त्याच सोमवारी?"

"हो."

"सगळीकडे शून्य?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"डिसेंबरात. सभेच्या आधी."

तिने टोपी काउंटरवर ठेवली. "आणि बाकीच्या अकरा ठिकाणी उद्या सकाळी कोण उभं राहणार?"

"कोणी नाही."

"नावं सांग."

नावं माझ्या कॉम्प्युटरात होती. अकरा शाळा, अकरा रस्ते. तोंडपाठही झाली होती, इतक्या वेळा मी तो तक्ता उघडून बंद केला होता. मी सांगणारच होते, शपथेवर सांगते. तोंड उघडलं, आणि एकोणीस वर्षांची सवय माझ्या आधी बोलली.

"त्यासाठी अर्ज करावा लागतो."

लॉर्नाने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. तिने दांडा काउंटरला टेकवून उभा केला, पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"दे अर्ज," ती म्हणाली.